सेव्ह केलेलं कॉस्ट प्रोजेक्शन पुन्हा उघडल्यावर तोच आकडा यावा म्हणून

मार्चमध्ये सोसायटीच्या सभेत दाखवलेल्या, पुनर्विकासाच्या खर्चाच्या प्रोजेक्शनची बेरीज होती ४२ कोटी ६० लाख. जूनमध्ये बँकेने तीच फाइल मागितली. उघडून पाहिली तर तळाशी ४३ कोटी ११ लाख. ‘आम्ही हातही लावला नाही’ असं ऑफिसातले सगळे सांगतात, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. फाइल उघडली तेव्हा तिने आजची तारीख घेतली, सर्व्हरवरचे नवे दर ओढले, बदललेलं कॅलेंडर वापरलं आणि नवी बेरीज मांडली. जुना आकडा आता फक्त सभेच्या इतिवृत्तात उरला. तो कसा आला होता, हे कोणालाच दाखवता येत नाही.

मुंबईत पुनर्विकास सल्लागाराच्या, कंत्राटदाराच्या किंवा विकासकाच्या ऑफिसात प्लॅनिंगच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. एक्सेल, आणि वेळापत्रकासाठीची मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट व प्रायमावेरा, हीच साधनं इथे धरली आहेत. ऑफिसचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल तरी दुखणं तेच असतं. सेव्ह केलेलं प्रोजेक्शन म्हणजे नुसता आकडा नव्हे. त्यामागचे दर, तारखा, कॅलेंडर आणि सेटिंग हेही त्याचेच भाग आहेत. सेव्हचं बटण यातलं बरंचसं जपत नाही. ते आपल्याला जपावं लागतं.

हाताशी काय हवं

मूळ फाइल आणि तिला जोडलेल्या सगळ्या फाइली. दरांची कागदपत्रं: कोटेशन, पालिकेची किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची कोणत्या वर्षाची ते, रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीन-मालमत्ता दरांच्या तक्त्याचं, पान. क्षेत्रफळाचा तक्ता, आर्किटेक्टच्या नकाशाच्या आवृत्ती क्रमांकासह. सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती. आणि एक दुसरा कॉम्प्युटर, ज्यावर ही फाइल आजवर कधी उघडलेली नाही. त्याचं काम शेवटच्या आधीच्या पायरीत आहे.

१. आकडा आधी मुद्दाम हलवून पाहा

फाइलची प्रत काढा. मूळ फाइलवर हे करू नका. प्रतीत एकूण बेरीज वहीत लिहून घ्या आणि मग तीन गोष्टी करा.

कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबा. एक्सेल सगळी सूत्रं नव्याने मोजतं. इथेच आकडा बदलला, तर आधी दिसत होता तो शिळा होता. एक्सेलमध्ये गणना स्वयंचलित की हाताने, हे एक्सेल सुरू केल्यावर पहिल्यांदा उघडलेल्या फाइलवरून ठरतं. कोणाची ‘मॅन्युअल’वर ठेवलेली जड फाइल आधी उघडली असेल, तर तुमचीही फाइल मॅन्युअलवर जाते आणि जुनीच बेरीज दाखवत राहते. सभेत दाखवलेला आकडाच चुकीचा निघण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

मग नेटवर्क काढा आणि फाइल बंद करून पुन्हा उघडा. ‘लिंक अपडेट करू का’ असं विचारलं, किंवा कुठे चूक दिसली, तर तिथे बाहेरचा धागा आहे.

शेवटी कॉम्प्युटरची तारीख तीन महिने पुढे करा, फाइल उघडा, बेरीज पाहा, तारीख परत आणा. बेरीज सरकली म्हणजे आत कुठेतरी टुडे किंवा नाऊ ही, आजची तारीख-वेळ घेणारी सूत्रं आहेत. बहुधा ती भाववाढीच्या शीटमध्ये सापडतात: ‘आजपासून खरेदीपर्यंत किती महिने, गुणिले दरमहा अमुक टक्के’. लिहिणाऱ्याला ते सोयीचं वाटलेलं असतं, पण त्याने प्रोजेक्शन रोज थोडं थोडं सरकत जातं.

२. तारखा टाइप करा, मोजू देऊ नका

प्रत्येक प्रोजेक्शनला तीन तारखा असतात आणि तिन्ही वेगळ्या कप्प्यांत हाताने टाइप करायच्या. दराची तारीख, म्हणजे भाव कोणत्या दिवसाचे धरले. स्थितीची तारीख, म्हणजे कामाची प्रगती कोणत्या दिवसापर्यंत मोजली. आणि गोठवण्याची तारीख, म्हणजे हे प्रोजेक्शन कधी कुलूपबंद झालं. भाववाढ नेहमी दराच्या तारखेपासून मोजा. टुडे जिथे जिथे असेल तिथे या कप्प्याचा पत्ता द्या.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये स्टेटस डेट रिकामी सोडू नका. रिकामी असली की सॉफ्टवेअर चालू तारीख धरतं आणि ती कॉम्प्युटरच्या घड्याळातून येते.

३. दर गोठवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा.

दरांचं शीट कधीही दुरुस्त करायचं नाही. नवे दर आले की नवं शीट, नावातच तारीख: ‘दर_२०२५०८०१’. जुनं तसंच राहतं. ‘फक्त सिमेंटचा एक दर बदलला’ म्हणून जुन्या ओळीवर नवा आकडा टाकला, की त्या दरावर उभी असलेली मागची सगळी प्रोजेक्शनं कोसळतात.

प्रत्येक ओळीत हे रकाने ठेवा: कोड, वर्णन, एकक, करपूर्व दर, जीएसटीचा टक्का, कधीपासून लागू, आपल्या तक्त्यात कधी नोंदला, आणि कोटेशन क्रमांक किंवा दरसूचीचं पान. करासहित एकच दर लिहिण्याची सवय अनेक ऑफिसांत आहे. ती मोडा.

सिमेंटची गोणी घ्या. समजा करपूर्व दर ३०० रुपये. २८ टक्के जीएसटी धरून ती ३८४ रुपयांना पडत होती. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने सिमेंटचा कर १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. गोणी ३५४ रुपयांवर आली. १२,००० गोण्यांवर फरक ३ लाख ६० हजार. निवासी प्रकल्पांना घरविक्रीवरच्या १ एप्रिल २०१९ पासूनच्या १ आणि ५ टक्के जीएसटी दरांत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, म्हणून हा कर सरळ खर्चात बसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केलेलं प्रोजेक्शन आज पुन्हा चालवलं, तर नोव्हेंबरमध्ये घ्यायच्या सिमेंटवर किती कर दिसायला हवा? २८ टक्के. कारण ऑगस्टमध्ये तेवढंच माहीत होतं. ‘कधीपासून लागू’ हा एकच रकाना असेल, तर साधन नोव्हेंबरसाठी १८ टक्के उचलेल आणि जुना आकडा परत येणार नाही. म्हणून ‘कधी नोंदला’ हा दुसरा रकाना लागतो. जुनं प्रोजेक्शन चालवताना त्याच्या गोठवण्याच्या तारखेनंतर नोंदलेल्या ओळी गाळायच्या. नवख्यांकडून हा रकाना हमखास राहतो, आणि वर्षभराने तो मागे जाऊन भरता येत नाही.

रेडी रेकनरचंही असंच. प्रीमियमच्या, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी भरायच्या, रकमा त्यातल्या जमिनीच्या दराशी बांधलेल्या असतात. नवे दर १ एप्रिलला येतात असं धरून सूत्रात ती तारीख घालू नका. २०२० साली ते १२ सप्टेंबरपासून लागू झाले होते, आणि काही वर्षी जुनेच दर पुढे चालू ठेवले गेले. वर्ष, विभाग-उपविभाग क्रमांक आणि दर तिन्ही लिहून ठेवा, पानाची पीडीएफ सोबत ठेवा.

भाववाढीसाठी घाऊक किंमत निर्देशांक वापरत असाल, तर त्याचा आकडा आधी तात्पुरता येतो आणि काही आठवड्यांनी अंतिम होतो. एकाच महिन्याचा निर्देशांक दोन वेगळ्या दिवशी उतरवून घेतला तर दोन आकडे मिळू शकतात. तात्पुरता की अंतिम, आणि कोणत्या दिवशी उतरवला, हे लिहा. मजुरीसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतला असेल तर पायाभूत वर्षही लिहा. २०१६ ची मालिका सप्टेंबर २०२० पासून सुरू झाली आणि जुन्या २००१ च्या मालिकेशी तिचा अखिल भारतीय जोडगुणक, म्हणजे नवा आकडा जुन्यात बदलायचा गुणक, २.८८ आहे. पायाभूत वर्ष न लिहिता नुसता निर्देशांक ठेवला तर पुढच्या माणसाला तो कोणत्या मालिकेतला ते कळणार नाही.

लिफ्ट, दर्शनी भागाची काच, फिटिंग अशा आयात मालासाठी डॉलर किंवा युरोचा दर थेट इंटरनेटवरून ओढू नका. एफबीआयएलचा (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) त्या दिवशी जाहीर झालेला संदर्भ दर तारखेसह टाइप करा.

सूत्रांतला एक सापळाही इथेच मोडून टाका. कोडवरून दर शोधून आणणाऱ्या व्हीलुकअप सूत्राचा चौथा भाग रिकामा सोडला की ते ‘जवळपास जुळणारं’ शोधतं. कोड क्रमाने लावलेले असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. कोणी मध्येच नवी ओळ घातली की प्लास्टरला वीटकामाचा दर लागतो आणि कुठेही लाल खूण दिसत नाही. चौथ्या भागात फॉल्स लिहा, किंवा एक्सलुकअप वापरा.

४. बाहेरून येणारी माहिती

क्वेरी, म्हणजे बाहेरून माहिती ओढणारी जोडणी, असेल तर ‘फाइल उघडताना रिफ्रेश करा’ ही खूण काढा. दुसऱ्या एक्सेल फाइलींच्या लिंक गोठवलेल्या प्रतीत तोडून टाका, म्हणजे तिथे किमती राहतील. तोडण्याआधी कोणत्या फाइलीतून काय येत होतं त्याची यादी करा. नाहीतर दर कुठून आला हे कायमचं हरवतं.

सीएसव्ही फाइलींनी, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींनी, मुंबईच्या ऑफिसांत फार त्रास होतो, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं: ०३/०४/२०२५ ही तारीख भारतीय सेटिंगवर ३ एप्रिल असते, अमेरिकी सेटिंगवर ४ मार्च. १ एप्रिलला दर बदलणार असतील तर एकाच फाइलीतून दोन मशीनवर दोन वेगळे दर लागतात. सीएसव्हीत तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. दुसरं: १,२५,००० असा स्वल्पविरामांसह आकडा अवतरणचिन्हांशिवाय गेला, तर त्याचे तीन रकाने होतात आणि दर १ रुपया बनतो. एक्सपोर्ट करण्याआधी आकड्यांतले स्वल्पविराम काढा.

५. बेसलाइनवर विसंबू नका

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये ११ बेसलाइन जपता येतात. पण बेसलाइन म्हणजे सुरुवात, शेवट, कालावधी, काम आणि खर्च यांची नोंद. दरतक्ते, कॅलेंडर आणि कामांमधले परस्परसंबंध तिच्यात जात नाहीत. म्हणजे जुना आकडा दिसतो, पण तो पुन्हा मोजता येत नाही. शिवाय त्याच क्रमांकावर पुन्हा बेसलाइन घेतली की आधीची पुसली जाते. महत्त्वाच्या प्रत्येक प्रोजेक्शनला बेसलाइन घ्याच, पण संपूर्ण फाइलची वेगळी प्रतही ठेवा.

तिथेच आणखी एक बारकावा. प्रत्येक रिसोर्सला, म्हणजे मजूर, यंत्र किंवा माल यांना, ए ते ई असे पाच दरतक्ते असतात आणि प्रत्येकात लागू तारखेसह २५ पर्यंत दर बसतात. काम पुढे सरकलं की त्याला नव्या तारखेचा दर लागतो. म्हणून ‘आम्ही फक्त तारखा बदलल्या, खर्चाला हात लावला नाही’ हे वाक्य कधी मान्य करू नका.

प्रायमावेरात बेसलाइन ही प्रकल्पाची पूर्ण प्रत असते, त्यामुळे ती जास्त भरवशाची वाटते. पण रिसोर्सचे दर आणि ग्लोबल कॅलेंडर सगळ्या प्रकल्पांत सामायिक असतात. शेजारच्या टेबलावर कोणी आपल्या प्रकल्पासाठी ग्लोबल कॅलेंडर बदललं, तर तुम्ही पुढच्या वेळी एफ९ दाबून वेळापत्रक मोजलं की ते सरकतं. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं कॅलेंडर द्या. एक्सईआर, म्हणजे प्रायमावेराची देवाणघेवाणीची फाइल, आयात करताना ‘अपडेट एक्झिस्टिंग’ ही निवड सामायिक दर आणि कॅलेंडर बदलू शकते. आधी रिकाम्या डेटाबेसमध्ये आयात करून पाहा. आणि शेड्यूलच्या पर्यायांत रिटेन्ड लॉजिक (क्रम मोडून सुरू झालेल्या कामाचं उरलेलं काम आधीच्या कामासाठी थांबतं) होतं की प्रोग्रेस ओव्हरराइड (ते थांबत नाही), हे लिहून ठेवा. चालू प्रकल्पात त्यावरून शेवटची तारीख बदलते.

कॅलेंडरचा खर्चाशी काय संबंध, असं वाटत असेल तर पावसाळ्याचं उदाहरण घ्या. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. २०२५ साली तो २६ मेलाच आला. असा अनुभव आल्यावर कोणीतरी कॅलेंडरमधला पावसाळ्याचा पट्टा पंधरा दिवस आधी ओढतो, आणि ते शहाणपणाचंच असतं. पण मग पाया महिनाभर लांबतो आणि बाहेर राहायला गेलेल्या रहिवाशांना द्यायचं भाडंही. ४८ सदनिका, प्रत्येकी ५५,००० रुपये, म्हणजे एका महिन्याला २६ लाख ४० हजार. हा बदल नव्या प्रोजेक्शनमध्ये नव्या नावाच्या कॅलेंडरने यायला हवा. जुन्या कॅलेंडरमध्ये तो शिरला की जुनं प्रोजेक्शन गेलं.

६. एककं आणि पूर्णांक

चौरस मीटरचे चौरस फूट करताना ऑफिसात एकच गुणक ठरवा आणि तो एकाच कप्प्यात ठेवा. १०.७६ आणि १०.७६३९ यांत ५,००० चौरस मीटरवर सुमारे साडेएकोणीस चौरस फुटांचा फरक पडतो. ३,५०० रुपये दराने ते ६८ हजारांच्या वर जातं. आर्किटेक्ट एक गुणक वापरतो आणि आपण दुसरा, असं सर्रास घडतं.

रक्कम प्रत्येक ओळीला पूर्ण रुपयात आणायची की फक्त बेरजेला, हेही ठरवा. एक्सेलमधलं ‘दिसतं तेवढंच खरं धरा’ हे सेटिंग लावू नका. ते आतले मूळ आकडे कायमचे कापतं. पूर्णांक करायचाच तर राउंड सूत्राने, उघडपणे करा.

वर्तुळाकार सूत्रं, म्हणजे व्याजावर खर्च आणि खर्चावर व्याज, शक्यतो टाळा. ठेवावीच लागली तर किती फेऱ्या आणि किती फरकावर थांबायचं हे लिहा. एक्सेलचं मूळ सेटिंग १०० फेऱ्या आणि ०.००१ असं असतं, आणि तेही आधी उघडलेल्या दुसऱ्या फाइलीवरून येऊ शकतं.

७. यादृच्छिक आकडे वापरत असाल तर

जोखमीसाठी माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक आकडे घालून हजारो वेळा बेरीज मोजायची पद्धत, चालवलं की ९० टक्के खात्रीचा आकडा दर वेळी थोडा वेगळा येतो. तो तसा येणारच, पण गोठवलेल्या प्रोजेक्शनमध्ये तो चालणार नाही. सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते ती संख्या), फेऱ्यांची संख्या आणि साधनाची आवृत्ती नोंदवा. एक्सेलच्या रँड सूत्राला सीड देता येत नाही. डेटा अॅनालिसिस अॅड-इनमध्ये यादृच्छिक संख्या बनवताना सीडचा रकाना मिळतो, तो वापरा आणि आलेले आकडे किमती म्हणून चिकटवा. सीड तोच असला तरी मध्येच जोखमीची एक ओळ वाढवली तर तिच्याखालच्या सगळ्यांना वेगळे आकडे मिळतात. नवी ओळ नेहमी शेवटी घाला.

८. पाकीट बांधा

एका प्रोजेक्शनचा एक फोल्डर, आणि त्यात सगळं: मूळ फाइल सूत्रांसह, केवळ किमती ठेवलेली प्रत, दरांचं शीट, कॅलेंडर, कोटेशनच्या पीडीएफ, छापील अहवाल, आणि एक नोंदपान. नोंदपान साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा, म्हणजे दहा वर्षांनीही उघडेल. ते असं दिसतं:

प्रोजेक्शन क्रमांक: ०७
दराची तारीख: २०२५-०८-०१
स्थितीची तारीख: २०२५-०७-३१
गोठवलं: २०२५-०८-१२
दरांचं शीट: दर_२०२५०८०१
कॅलेंडर: पावसाळा_११जून_आवृत्ती२
नकाशा: आवृत्ती ५
चौ. फूट गुणक: १०.७६३९
सॉफ्टवेअर आवृत्ती, गणना: स्वयंचलित
सीड, फेऱ्या: लागू नाही
एकूण, रुपयापर्यंत
कोणी चालवलं, कोणी तपासलं

एकूण रक्कम ‘कोटी’त लिहू नका. शेवटच्या रुपयापर्यंत लिहा. पूर्णांक केलेल्या आकड्याच्या आड लाखाचा फरक सहज दडतो.

मग प्रत्येक फाइलचा शा-२५६ (SHA-256) ठसा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखीची ओळ, काढा. विंडोजमध्ये त्याची सोय आधीपासून आहे. ६४ अक्षरांची ती ओळ नोंदपानात चिकटवा. फाइलमध्ये काहीही बदललं तर ठसा पूर्ण बदलतो. फोल्डर केवळ वाचण्यापुरता करा. क्लाउडवर ठेवत असाल तर ऑटोसेव्ह बंद करा, कारण नुसतं ‘बघायला’ उघडलेली फाइलही त्यामुळे सेव्ह होते. गुगल ड्राइव्हवर चढवलेल्या एक्सेल फाइलीच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर पुसल्या जाऊ शकतात. आवृत्त्यांचा इतिहास आहे म्हणून पाकीट बांधायचं टाळू नका.

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार ७९-अ ची, म्हणजे सहकारी संस्था कायद्याच्या त्या कलमाखालची पुनर्विकासाची, प्रक्रिया करणाऱ्या सोसायटीसाठी तर हे पाकीट व्यवहार्यता अहवालासोबतच बांधा. समितीतली माणसं बदलतात, आणि नव्या समितीचा पहिला प्रश्न ‘हा आकडा कसा आला’ हाच असतो.

९. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या मशीनवर

पाकीट अशा सहकाऱ्याला द्या ज्याने ते बांधलेलं नाही. नेटवर्क काढायचं, फक्त नोंदपान वाचायचं, फाइल उघडून पूर्ण पुनर्गणना करायची. तुम्हाला एकही प्रश्न विचारायचा नाही. रुपयापर्यंत तोच आकडा आला तर नोंदपानावर सही. त्याला काही विचारावं लागलं, तर त्या प्रश्नाचं उत्तर नोंदपानात नव्हतं. ते आधी लिहा. ही तपासणी गोठवण्याच्याच दिवशी करा. आठवड्याने केली तर काय केलं होतं ते बांधणाऱ्यालाही आठवत नाही.

१०. नवं प्रोजेक्शन आलं की फरकाचा तक्ता

जुनं दुरुस्त करायचं नाही, नवा क्रमांक द्यायचा. जुन्याची प्रत घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक बदलानंतर बेरीज लिहा. बदलांचा क्रम ऑफिसात कायमचा ठरवून टाका: आधी तारखा, मग कॅलेंडर, मग दर, मग परिमाणं. क्रम उलटा केला तर एकूण फरक तोच राहतो, पण दरामुळे किती आणि परिमाणामुळे किती ही वाटणी बदलते, आणि सभेत त्यावरूनच वाद होतात.

सुरुवातीच्या ४२ कोटी ६० लाख आणि ४३ कोटी ११ लाखांचा तक्ता मग असा मांडता येतो:

भाववाढ आजच्या तारखेपासून मोजली गेली: १९,००,०००
पावसाळ्याचा पट्टा सरकल्याने एक महिन्याचं जादा भाडं: २६,४०,०००
लिंक केलेल्या फाइलीत लिफ्टचा दर बदलला: ५,६०,०००
एकूण फरक: ५१,००,०००
न उलगडलेला फरक: ०

शेवटच्या ओळीत शून्याखेरीज काहीही असेल, तर फाइल बँकेला पाठवू नका. पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.